सुजूच्या जर्मनचं कर्ज

सुजू,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीच्या पायांसारखं. वेलांटी पहिली की दुसरी, हे चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर कोणी विचारलं नाही. चुकलं तिथं तू हसशीलच. हस आणि पुढं वाच. हे मी कोणाला दाखवणार नाही. तुझे बाबा गाडीनं बल्लारपूरला कामावर गेले की घर रिकामं होतं, आणि शाळेत खिचडी शिजवायला जायला मला अजून वेळ असतो. तेवढ्या वेळात लिहिते.

तू गेल्यावर खूप लोक आले. कोणी म्हणालं, पोरगी शांत होती. कोणी म्हणालं, नागपूरच्या दवाखान्यात माझ्या सासूला तिनंच सांभाळलं, रात्रभर पाय चेपले. सगळं खरं होतं, मी ऐकत होते, रडत होते. पण नर्स म्हणून जर्मनीला जायला तू शिकलीस त्या जर्मनबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. त्यांना वाटायचं, ते अर्धवट राहिलं, आईला कशाला आठवण द्यायची. भिंतीवर तू चिकटवलेले जर्मन शब्दांचे कागद होते ना, चुलीजवळ, दाराजवळ, माठावर? जलदान विधीच्या आदल्या दिवशी घर सारवताना कोणीतरी ते काढून टाकले. चांगल्या मनानंच काढले असतील. माठावरचा तेवढा राहिला, ओला होऊन पक्का चिकटला होता म्हणून.

तू मला बाजेवर झोपवून पेशंट करायचीस. सुट्टीत आलीस की रोज. मी हात पुसून यायचे आणि आडवी व्हायचे, आणि तू नर्सच्या आवाजात विचारायचीस, "वो टुट एस वे?" कुठं दुखतं. मला हसू यायचं. तू म्हणायचीस, "हसू नको वं आई, पेशंट हसत नसते." मग मी कुठंही बोट दाखवायचे, गुडघा, पाठ, डोकं, आणि तू त्या जागेचं जर्मन नाव सांगायचीस. एकदा मी सगळ्या अंगावरून हात फिरवला. तू म्हणालीस, "एवढं कोणाले नाई दुखत." तुला दुखायचं, सुजू. तुझं सिकलसेलचं दुखणं आलं की सगळं अंग धरायचं आणि तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस. तरी तू असं म्हणालीस. मला बोलता येत नाही वेळेवर.

एक शब्द तू कापणीच्या आधी आणलास. मी अंगणात बसून ठेवणीतल्या चिंचेचे चिंचोके काढत होते. तू नागपूरच्या क्लासवरून आलीस, पिशवीही खाली ठेवली नाहीस.

"आई, ह्या जर्मन लोकायनं कर्ज आणि दोष एकाच डब्यात भरून ठेवला."

"मंग डबा उघडल्यावर काय निघते?" मी विचारलं.

"तेच तं. कोण उघडून राह्यलं त्याच्यावर हाय."

शुल्ड असं लिहितात आणि शुल्ट म्हणतात, हे तू मला तेव्हाच सांगितलंस. माफीच्या धड्यात तो आला होता, माझी चूक झाली म्हणताना. मग बँकेच्या धड्यात पुन्हा आला, माझ्यावर कर्ज आहे म्हणताना. बाकीच्या पोरींनी दोन्ही अर्थ पाठ केले आणि पुढं गेल्या. तू मात्र तिथंच बसलीस. लहानपणापासून तशीच. सिरोंच्याच्या मैत्रिणीकडून तेलुगू शब्द आणायचीस, जंगलातून मोहाची फुलं विकायला येणाऱ्या बायांना गोंडी शब्द विचारायचीस. त्या बाया म्हणायच्या, हिला मोह नको, हिला बोलणं विकत पाहिजे.

तू माझ्या सुपातले चिंचोके उचललेस आणि जमिनीवर मांडलेस. हा जर्मनी, हा शेजारी हॉलंड. हा वरचा स्वीडन, त्याला लागून नॉर्वे, खाली डेन्मार्क. हा लांब पाण्यात आइसलंड. आणि हा बाजूला बसलेला इंग्लंड. तू म्हणालीस, ही सगळी एकाच आजीची नातवंडं. वेगळे झाले, घरं वेगळी झाली, बोलणं वेगळं झालं. आपण मले म्हणतो आणि पुण्याकडचे मला म्हणतात, तसंच. पण आजीच्या घरातून जाताना प्रत्येकानं हा एक शब्द सोबत नेला.

आजीकडं त्याचा अर्थ होता, द्यायचं असणं. कोणाचं तरी आपल्याकडं आहे आणि ते द्यायचं आहे, एवढंच. काही जाणकार म्हणतात, फार जुन्या काळी माणसाच्या हातून माणूस मेला की त्याच्या घरच्यांना धन द्यावं लागायचं, तिथून दोष आणि देणं एक झालं. पक्कं कोणालाच माहीत नाही, असंही तू म्हणालीस. मी विचारलं, मेलेल्या माणसाचे किती द्यायचे? तू म्हणालीस, माणूस पाहून. मोठ्या घरचा असला तर जास्त, राबणारा असला तर कमी.

"तिथंही तसंच का?" मी म्हटलं.

"तिथंही तसंच," तू म्हणालीस आणि जर्मनीच्या चिंचोक्यावर दुसरा चिंचोका ठेवलास.

मग तू एकेकाचं सांगितलंस. जर्मनीनं दोन्ही अर्थ ठेवले. हॉलंडनं ठेवले. स्वीडननं ठेवले, ते स्कुल्ड म्हणतात. आइसलंडच्या लोकांनी तोच शब्द ठेवला, पण मुख्य अर्थ कर्जाचा. नॉर्वे आणि डेन्मार्कनं कर्जाला दुसरा शब्द घेतला आणि ह्यात दोष ठेवला. पण त्यांनी अजून एक गोष्ट केली. तुझ्यासाठी केलं, तुझ्यापायी केलं, असं म्हणायचं असलं की ते हाच शब्द वापरतात. ते तू दोनदा म्हणून दाखवलंस. फॉर दिन श्यूल. तुला ते फार आवडलं होतं. आणि इंग्लंड? इंग्लंडनं कर्जही टाकलं आणि दोषही टाकला, तू म्हणालीस. त्यांच्याकडं त्या घराण्यातलं शुड तेवढं उरलं. पाहिजे. मी जायला पाहिजे. मी करायला पाहिजे होतं.

सुजू, मी आता इंग्लंडमध्येच राहते. तुला थंडीत नागपूरला जाऊ द्यायला नको होतं. तुझा डबा भरताना तुझ्या डोळ्यांकडं पाहायला पाहिजे होतं, पिवळे होते. तुझी रूम मी एकदा तरी जाऊन पाहायला पाहिजे होती, तिच्या खिडकीला काच होती की नाही. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, शाळेत पोरांना वाढताना हेच चालतं. पाहिजे होतं, पाहिजे होतं.

आपलं भांडण राहिलं ते ह्याच शब्दावरून. क्लासचे पैसे मी बचत गटातून उचलले, कारण गटात माझं नाव होतं. तू नोकरीला लागल्यावर हप्ता तू भरायचा असं तू ठरवलंस आणि मी भरायचा असं मी. तू पाठवलेले पैसे मी तुझ्याच खात्यावर परत टाकायला लावायचे बाबांना. ते तुला कापणीच्या दिवसांत कळलं. तू ओसरीवर उभी राहून म्हणालीस, हे माझं शुल्ट आहे, तुझं नाही. मी म्हटलं, मायलेकीत कर्ज नसतं.

तेव्हा तू आवाज न चढवता म्हणालीस, "मंग दोषही नसते. रोज रोज स्वतःले दोष देत राह्यते तू, माह्यापासून पोरीले आजार आला म्हणून. बाबापासूनही आला ना? ते निवांत चाय पेतात. आई, एक तं दोन्ही ठेव, नाई तं दोन्ही सोड."

बाबा खरंच चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. मी उठून चूल फुंकायला गेले, चूल पेटलेलीच होती.

पुढच्या सुट्टीत बोलू असं मी मनात ठरवलं होतं. पुढची सुट्टी दवाखान्यात गेली.

छातीत भरलं होतं तुझ्या. तुझ्याच दवाखान्यात, तुझ्याच मैत्रिणी तुला सुया लावत होत्या आणि तोंड फिरवून डोळे पुसत होत्या. तोंडावर तो मास्क. तुला बोलता येत नव्हतं आणि मला कधीच येत नाही. मी तुझ्या उशाशी बसले आणि का कोण जाणे, विचारलं, "वो टुट एस वे?" आयुष्यात पहिल्यांदा मी ते म्हटलं. तोवर मी नुसती बोट दाखवणारी होते. तू डोळे उघडलेस. मास्कच्या आत हसलीस, मास्कवर वाफ धरली म्हणून मला कळलं. मग तू सगळ्या अंगावरून हात फिरवलास.

तेवढंच. त्यानंतरचं मी लिहिणार नाही, ते तुला माहीत नाही आणि माहीत नसलेलंच बरं.

आता गटाचं सांगते, कारण ते तुझंच आहे.

आपल्या गटात रीत आहे. ज्या घरी मयत झाली त्या घरचा त्या महिन्याचा हप्ता बाकीच्या बाया वाटून भरतात. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. माझा त्यांनी भरला. दुसऱ्या महिन्यात मी पैसे घेऊन गेले, तर कांताबाई, आपली सचिव, म्हणाली, भरून झाला मंदा, बस. मी बसले. तू ओळखतेस मला. गटाच्या बैठकीत मी दाराजवळ बसते आणि हजर एवढं एकच बोलते. गटातली गिरजाबाई म्हणायची, हिच्या तोंडात मोहाची फुलं भरली आहेत, उघडलं की सांडतील. मी पैसे पदराला बांधून परत आले. मला वाटलं, एक महिना अजून, मायेनं करतात, करू द्यावं. पण आत काही तरी सलत होतं आणि काय ते मला कळत नव्हतं.

मग नाझिया आली. बल्लारपूरची तुझी नाझिया, क्लासमधली. तिचं जायचं ठरलं आहे, जर्मनीतल्या एका दवाखान्यात. हे सांगायला तिला फार जड गेलं. ओढणीचं टोक पिळत बसली. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, बरं झालं बाई. मनातून म्हटलं की नाही ते तूच जाण, पण तोंडानं नीट म्हटलं. ती माठाकडं पाणी घ्यायला गेली आणि तिला तो कागद दिसला. वासर. पाणी. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि रडायला लागली, आणि रडता रडता बोलायला लागली. सुजू क्लासमध्ये कशी होती, ते ती बोलली. मॅडमनी तुला उभं करून त्या शब्दाची सगळी गोष्ट सांगायला लावली होती, तू फळ्यावर चिंचोक्यांसारखे गोल काढून देश मांडले होतेस. मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या ऐकायला.

"काकू, सबने कॉपीत लिहून घेतलं," ती म्हणाली. "मी तिकडे गेली ना, तो शब्द आला की मला सुजूच आठवेल. कर्जाचा फॉर्म भरताना पण आठवेल, बघा."

जाताना ती म्हणाली, पहिला पगार झाला की गटाचे पैसे मी पाठवते. मी नाही म्हटलं. का नाही, ते तिला सांगता आलं नाही, पण ती रिक्षात बसून गेली आणि मला स्वतःला कळलं.

गटात दुसरीही एक रीत आहे. कर्ज पूर्ण फिटलं की कांताबाई उभी राहून वाचते, कोणी घेतलं, कशासाठी घेतलं, आणि फिटलं. शेळीसाठी. शिलाई मशीनसाठी. विहिरीच्या मोटारीसाठी. सगळ्या टाळ्या वाजवतात आणि जिचं फिटलं ती गूळ-फुटाणे वाटते. पण शेळी मेली आणि बाईला भरता येत नसलं, तर ते कर्ज सगळ्या मिळून भरतात आणि गुपचूप रेघ मारतात. ते वाचत नाहीत. बाईला लाज वाटू नये म्हणून.

तिसऱ्या बैठकीत कांताबाईनं सांगितलं की मंदाचं राहिलेलं सगळं आपण वाटून घेऊ, सगळ्यांचं ठरलं आहे. बायांनी माना हलवल्या. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"मी भरीन," मी म्हटलं.

कांताबाई म्हणाली, "अवो, कायले जीव तोडते? पोरगी गेली, आता त्या पैशाचं काय?"

मी म्हटलं, "शेळी मेली की रेघ मारता तुमी. सुजूचं जर्मन शेळी नाई. ती शिकली, परीक्षा पास झाली, क्लासले उभं राहून तिनं सांगतलं, पोरींनी लिहून घेतलं. ते मेलं नाई. मले ते वाचून पायजे. सगळ्यांसमोर."

एवढं मी बोलले, सुजू. मला वाटलं, मी सगळ्यांच्या मायेवर पाणी फिरवलं. मग गिरजाबाईनं तंबाखू थुंकायला दाराकडं येऊन, अगदी माझ्या शेजारी उभं राहून, म्हटलं की सांडली एकदाची फुलं. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भर मंग ह्या महिन्यापासून. दुसऱ्या महिन्याचा आमी भरला तो परत घेऊ. पण मयतीचा हप्ता आमचा हाय. तो वापस करशीन तं तुह्या हातचं पाणी नाई पेणार."

मी तो ठेवला. तो माझ्यासाठी होता, माझ्यापायी दिला होता. ते नॉर्वेचं तू दोनदा म्हणून दाखवलेलं मला तेव्हा उमगलं. अंगणात ऐकलं होतं तेव्हा नुसतं गोड वाटलं होतं. माणसं न मागता देतात आणि त्याचं ओझं होत नाही, असंही देणं असतं. तुला हे सांगायला पाहिजे होतं. बघ, पुन्हा इंग्लंड.

त्यानंतर मोह वेचला, शाळेचे पैसे ठेवले, मग बिडीसाठीचा तेंदूपत्ता आला. ह्या वर्षी बाबाही आले माझ्यासोबत, कामावर रजा टाकून. पहाटे दोघं जंगलात जायचो, घरी येऊन पुडे बांधत बसायचो. ते कमी बोलतात, तू गेल्यापासून त्याहून कमी. एकदा दोरा तोडता तोडता म्हणाले, "पोरगी चायवरून बोलली व्हती मले." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "निवांत नव्हतो पीत." मी म्हटलं, मला माहीत आहे. तिलाही माहीत असेल. होतं ना, सुजू? हे एक तू मला सांगायचं राहिलं.

तुझ्या भांडणाचं उत्तर मला अजून आलेलं नाही. दोन्ही ठेव नाही तर दोन्ही सोड, तू म्हणालीस. मी दोन्ही ठेवले. कर्ज कोणाला द्यायचं ते माहीत होतं, म्हणून ते देता आलं. दुसरं कोणाला द्यायचं? तुझ्याशिवाय ते कोणी घेऊ शकत नाही आणि तू घेतलं नसतंस. तू हात मागं घेतला असतास. तेव्हा ते माझ्याजवळच राहील, असं दिसतं. कधी कमी होतं, तांदूळ निवडताना थोडा वेळ विसरतेही, आणि विसरले म्हणून पुन्हा दचकते.

आज बैठक होती. तेंदूपत्त्याचे पैसे आले होते. मी ते कांताबाईच्या हातात दिले, तिनं मोजले आणि उभी राहिली. ती वाचायला लागली तेव्हा तिचा आवाज जरा अडकला, पण तिनं नीट वाचलं. मंदाबाई. कर्जाचं कारण, मुलगी सुजाता हिचं जर्मन भाषेचं शिक्षण. कर्ज पूर्ण फिटलं.

टाळ्या वाजल्या. गिरजाबाई म्हणाली, मले ऐकू नाई आलं, पुन्हा वाच. तिला चांगलं ऐकू येतं. कांताबाईनं पुन्हा वाचलं, आधीपेक्षा मोठ्यानं, सुजाता आणि जर्मन हे दोन्ही शब्द दारातून रस्त्यावर जातील इतक्या मोठ्यानं.

मी गूळ-फुटाणे वाटले. घरी आले आणि पुन्हा लिहायला बसले. पैसे फिटले, सुजू. सगळे फिटले.